नवी सिंगल शॉट .२२, शिशाची गोळी: बॅरल मुरवायची म्हणजे नक्की काय करायचं?

फोंडेकर_बाबा
नमस्कार मंडळी. मुलगी १७ वर्षांची, ५० मीटर प्रोन (पालथं झोपून) मारते. क्लबच्या सिंगल शॉट .२२ रायफलीला (दर वेळी एकच गोळी भरायची ती) नवीन बॅरल बसून आलीय आणि यंदाच्या सीझनला ती रायफल तिला वापरायला मिळणार आहे. घरात सगळे खूश, पण साफसफाई आणि पहिल्या गोळ्यांची जबाबदारी माझ्यावर टाकलीय आणि मी धरलोय कात्रीत. कोच म्हणतात, एक गोळी मार, साफ कर, परत एक मार, परत साफ कर, असं ५० गोळ्यांपर्यंत. क्लबातले एक सीनियर म्हणतात शिशाच्या गोळीला ब्रेक-इन, म्हणजे बॅरल मुरवणं, वगैरे काही नसतं, सरळ मारत सुटा. नेटवर वाचायला गेलो तर सगळं तांब्याचं जॅकेट असलेल्या मोठ्या रायफलींबद्दल, आपली तर साधी शिशाची मेण लावलेली गोळी. आम्हाला सगळ्या सीझनला मिळून ५०० राउंड मिळणार, त्यातले ५० असे घालवायचे तर कारण तरी कळू दे. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा. आणि पाऊस महिन्यावर आलाय, तोही हिशेब धरून सांगा.

म्हापशाचा_म्हाळू
नवी चप्पल चावते तशी नवी बॅरल पण चावते वाटतं :) मला यातलं काही कळत नाही पण वाचत बसणार. मुलीला शुभेच्छा!

बालेवाडी_प्रोन
बाबा, मी आठ वर्षं प्रोन मारलं, मूळचा साखळीचा, सरावाला पुण्याला बालेवाडीत असायचो. दोन नव्या बॅरली माझ्या हाताखालून गेल्यात. कोचचं आणि सीनियरचं, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर.

एक गोळी एक सफाई ही पद्धत जॅकेटवाल्या गोळीची. तिथे नव्या बॅरलच्या घशात, म्हणजे चेंबर (काडतूस बसतं ती जागा) संपून आटे (नळीतल्या पीळदार खाचा) सुरू होतात तिथे, रीमरचे, म्हणजे भोक कोरायच्या हत्याराचे, बारीक आडवे ओरखडे असतात, त्यावर तांबं खरवडलं जातं आणि पुढे नळीभर चिकटतं, म्हणून लोक दर गोळीला ते काढतात. आपली गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम, नुसतं शिसं आणि वर मेण-चरबीचा हात. वेग पण आवाजाच्या आतला, सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास. ही गोळी पोलादाला काय घासणार.

मी असं केलं. पहिली गोळी मारायच्या आधी नळी पूर्ण कोरडी केली. मग १० मारल्या, एक पॅच (गजाने ओढायचा कापडाचा तुकडा) सॉल्व्हंटचा, दोन कोरडे. परत १०, परत तेच. मग २५. मग ५०. प्रत्येक वेळी पॅचकडे नीट बघायचं, चंदेरी कचकच दिसते का. दिसत नसेल तर थांबा, त्यापुढे घासू नका. माझ्या दुसऱ्या बॅरलला पहिल्या दहालाच थोडी चकाकी होती, नंतर नाही.

मुख्य गोष्ट, या गोळ्या वाया जात नाहीत. मुलीला तिचं शूटिंगचं जॅकेट घालून, स्लिंग (दंडाला रायफल बांधायचा पट्टा) लावून, पोझिशनमध्येच मारू दे. फक्त स्कोअर लिहू नका.

निवृत्त_आर्मरर
वरच्या भावाने चांगलं लिहिलंय, मी थोडं कारण सांगतो कारण बाबांनी कारण विचारलंय आणि कारण कळलं की माणूस स्वतः ठरवतो.

शिशाचा कडकपणा ब्रिनेल मापाने ५ च्या आसपास, बॅरलच्या पोलादाचा अडीचशेच्या वर. लोण्याने सुरीला धार लावता येत नाही. त्यामुळे शिशाची गोळी मारून नळी गुळगुळीत होते ही समजूत सोडून द्या. चांगल्या मॅच बॅरलला कारखान्यातच लॅपिंग, म्हणजे बारीक भुकटीने आतून घासणं, झालेलं असतं, ते काम आपल्यासाठी करूनच पाठवतात.

मग पहिल्या दोनशे-तीनशे गोळ्यांत फरक पडतो तो कशाने? दोन गोष्टी. एक, कारखान्यातलं गंजरोधक तेल, लॅपिंगची भुकटी, बारीक कीस हे सगळं निघून जातं. दोन, गोळीवरच्या मेणाचा पातळ थर आट्यांवर समान बसतो. तुमच्या घरी बिडाचा तवा असेल. नवा तवा पहिल्या दिवशी डोसा सोडत नाही, तेल पाजून पाजून मुरवावा लागतो, आणि मुरला की कुणी साबणाने खसाखसा घासला तर घरातली बाई ओरडते. बॅरलचं तसंच. म्हणून दर गोळीला साफ करणं म्हणजे दर डोशाला तवा घासणं. तो मुरणार कधी?

शिसं धरतं ते कुठे धरतं यावरून रोग ओळखा. चेंबरच्या लगेच पुढे धरत असेल तर घसा खरखरीत आहे नाहीतर गोळी नळीला सैल पडतेय आणि मागचा गरम वायू तिच्या बाजूने निसटून शिसं कापतोय. तोंडाकडे धरत असेल तर मेण पुरत नाहीये. दोन्हीला गोळ्या मारणं हे औषध नाही.

लेथवाला_डिचोली
आर्मररसाहेब, लॅपिंग कारखान्यात होतं म्हणता पण सगळ्यांचं होतं का? माझं वर्कशॉप आहे, खाणीच्या गाड्यांची कामं केली २० वर्षं. व्हॉल्व्ह बसवायची ग्राइंडिंग पेस्ट असते ना, बारीक नंबरची, ती शिशाच्या बोळ्याला लावून गजावर दहा-बारा फेऱ्या मारल्या की कुठलीही नळी आरशासारखी होते. हायड्रॉलिक सिलिंडर मी असेच करतो. पन्नास गोळ्या कशाला घालवायच्या?

निवृत्त_आर्मरर
लेथवाले भाऊ, तुमच्या हाताबद्दल शंका नाही पण हे कृपा करून करू नका आणि बाबा तुम्ही तर अजिबात नको. सिलिंडर गोल असतो आणि त्यात सील असतं, दोन शतांश मिलीमीटर मोठा झाला तर सील सांभाळून घेतं. मॅच बॅरलमध्ये चेंबरकडून तोंडाकडे नळी किंचित आवळत जाते, तोंडाशी सगळ्यात घट्ट, आणि ती घट्टी जपायला कारागिराने जीव लावलेला असतो. तुमचा बोळा गजावर दोन्ही टोकांना जास्त घासतो, तोंड घंटेसारखं उघडतं. गोळी जाताना शेवटचा स्पर्श तिथेच होतो. एकदा काढलेलं पोलाद परत लागत नाही. आणि नळी आरशासारखी हवी असंही नाही, फार गुळगुळीत पृष्ठभागावर मेण थांबत नाही.

दुसरं, शस्त्र कायद्यात बॅरल हा भागसुद्धा शस्त्रच. लायसन नसलेल्या वर्कशॉपला ती उघडून द्यायचीच नाही. क्लबची रायफल आहे, मुलीचं करिअर आहे.

लेथवाला_डिचोली
आवळत जाते हे माहीत नव्हतं. मी समजत होतो सरळ पाइप. बरं झालं विचारलं, शब्द मागे घेतो.

सत्तरीकर
विषय निघालाच आहे तर आमच्या आजोबांची ठासणीची बंदूक आठवली. वाळपईच्या पुढे आमचं कुळागर, माडाबागायतीत रानडुकरं आणि माकडं इतकी की पीक राखायला लायसनची बंदूक घरोघरी असायची. आजोबा शिशाची गोळी घरीच साच्यात ओतायचे, मागच्या पडवीत, आणि आम्हा पोरांना तिथे उभं राहू द्यायचे नाहीत. गोळी कापडाच्या गोल चिंधीत गुंडाळायची, चिंधीला कोकमाच्या घट्ट तेलाचा गोळा घासायचा, मग गजाने ठासायची. बार काढल्यावर त्याच रात्री उकळतं पाणी नळीतून ओतायचे, तीनदा, कितीही दमलेले असले तरी. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, पावसाळ्यात एक रात्र ठेवली तर सकाळी नळी तांबूस. आजोबा म्हणायचे बंदूक आणि म्हैस, दोघींना धुतल्याशिवाय जेवायचं नाही.

आता प्रश्न, बाबा, ते कोकम तेल .२२ च्या नळीत चोळलं तर? घरचं आहे, शुद्ध आहे.

बालेवाडी_प्रोन
सत्तरीकर, आजोबांचं वाक्य भारी. पण .२२ ला नको. त्या गोळीवर कारखान्याने आधीच मोजून मेण लावलेलं असतं, आणि नळीत एकदा एका कंपनीचं मेण बसलं की दुसऱ्या कंपनीची गोळी मारताना पहिले वीस-तीस शॉट इकडेतिकडे जातात, जुना थर जाऊन नवा बसेपर्यंत. तिथे कोकम घातलं तर नळीला कळायचंच नाही कोणाचं ऐकू. शिवाय कोकम तेल ४० अंशांच्या आसपास वितळतं, मे महिन्यात रेंजवर बॅरल त्याहून गरम होते.

वाळपईचा_वाघ
त्या आजोबांच्या बंदुकीने आता डुक्कर मारता येतं का हो? आमच्याकडे भाताची वाट लावलीय.

सत्तरीकर
नाही रे बाबा. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय काही करायचं नाही. बंदूक आजोबांनंतर आम्ही रीतसर जमा केली. पीक नुकसानीचा अर्ज कर, आणि कुंपणाचं बघ. इथे हा विषय नको वाढवूया, पोरीच्या बॅरलचा धागा आहे.

पेडण्याची_पोर
बाबा, मी माझा झालेला घोटाळा सांगते म्हणजे तुमच्या मुलीच्या बाबतीत होणार नाही.

माझी पहिली रायफल, नवीन. एका दुकानातून तीन तुकड्यांचा ॲल्युमिनियमचा स्क्रूवाला गज घेतला, दुकानदार म्हणाला हाच सगळे वापरतात. बोल्ट (मागून चेंबर बंद करणारा दांडा) काढायचा कंटाळा म्हणून मी तोंडाकडून गज घालायचे. सहा महिने. ॲल्युमिनियम मऊ असतं, त्यात धूळ आणि काडतुसाच्या प्रायमरमधली काचेची भुकटी रुतून बसते (हो, .२२ च्या प्रायमरमध्ये बारीक काच असते, घर्षणासाठी घालतात), आणि मग तो गज म्हणजे कानस होतो. तुकडे जोडलेल्या जागी कड असते ती वेगळी. एकदा कोचने भिंग लावून क्राउन, म्हणजे नळीच्या तोंडाची कड, दाखवला, सहाच्या काट्याच्या जागी आट्याची धार झिजून चक्क चपटी झालेली. माझे शॉट सगळे एका बाजूला का पळतात म्हणून मी श्वास, ट्रिगर, स्लिंग सगळं बदलून बघितलं होतं. रडले होते मी त्या दिवशी. क्राउन परत कापून घ्यायला लागला.

तेव्हापासून: अखंड एकच गज, कोटिंगवाला. मागून, बोल्ट काढून, बोअर गाइड (गज नळीत सरळ ठेवणारी पोकळ नळी) लावूनच. पॅच तोंडातून बाहेर आला की तिथेच काढून टाकायचा, तोच परत मागे ओढायचा नाही. ब्रश लागलाच तर पितळी, आणि नळीच्या मधे दिशा बदलायची नाही. दर वेळी गज पुसून मगच परत घालायचा. एवढंच. पण एवढं केलं तर ब्रेक-इन कसाही करा, बॅरल वाचते. नाही केलं तर ब्रेक-इनच बॅरल खातो.

निवृत्त_आर्मरर
पोरी, तुझं शेवटचं वाक्य कोचला दाखव असं मी बाबांना सांगणार होतो. ५० गोळ्या ५० सफाया म्हणजे गज नळीत किमान दोनशे वेळा जाणार. त्यातली एक जरी चुकली तरी नुकसान गोळीपेक्षा जास्त.

मोंटानातला_मडगावकर
इथे रात्र आहे पण धागा बघून राहवलं नाही. मी मडगावचा, १२ वर्षं अमेरिकेत. माझ्याकडे सिंगल शॉट आहे पण .२२ नाही, .४५-७०, म्हणजे १८७३ सालचं काडतूस. रायफल फॉलिंग ब्लॉक, जॉन ब्राउनिंगने १८७९ ला पेटंट घेतलेलं आणि विंचेस्टरने १८८५ ला बाजारात आणलेलं डिझाइन. लिव्हर खाली ओढला की अख्खा ब्लॉक खाली सरकतो आणि नळी मागून आरपार दिसते. गज मागून घालायला इतकी सोपी बंदूक नाही. गोळ्या मी स्वतः ओततो, २० भाग शिसं १ भाग कथील.

आमच्याकडे शिशाच्या बॅरलचा ब्रेक-इन असा सांगतात की त्या बॅरलमधून जॅकेटवाली एकही गोळी मारू नका. मारली असेल तर तांबं शेवटच्या कणापर्यंत काढा, मगच शिसं. तांब्यावर शिसं पटकन धरतं. मी हे ऐकलं नव्हतं. नवी रायफल आल्याच्या उत्साहात दुकानातली जॅकेटवाली एक पेटी मारली आणि दुसऱ्या आठवड्यात माझ्या ओतलेल्या गोळ्या. १५ शॉटनंतर टार्गेटवर गोळ्या आडव्या पडायला लागल्या, कागदाला गोल भोकाऐवजी लांबट फाट. नळीत बघितलं तर आट्यांच्या कडेला शिशाच्या पट्ट्या. चार रात्री काढायला गेल्या.

मग नळीचं माप काढलं. मऊ शिशाचा तुकडा तेल लावून हळूहळू गजाने ढकलला. हे ज्यांनी केलं नाही त्यांनी करून बघावं, हाताला सगळं कळतं. सुरुवातीला जड, मग एकसारखं सरकतं, माझ्या नळीत पुढच्या साइटच्या खाली एका जागी किंचित अडतं आणि परत मोकळं. तुकडा मायक्रोमीटरने मोजला तर .४५८ इंच, आणि माझ्या गोळ्या पण .४५८. नळीपेक्षा एक हजारांश इंच तरी मोठी हवी, नाहीतर वायू बाजूने निसटतो. .४५९ चा साचा घेतला, मेणात मधमाश्यांच्या पोळ्याचं मेण वाढवलं, शिसं धरायचं थांबलं. ब्रेक-इन म्हणून जे मी शोधत होतो ते मापात होतं.

बालेवाडी_प्रोन
मडगावकर दादा, कडक गोळी घेतली तर शिसं कमी धरेल ना? लोक असं म्हणतात.

मोंटानातला_मडगावकर
मला पण असंच वाटायचं. उलटं होऊ शकतं. कमी दाबाला फार कडक गोळी फुगून नळीला बसत नाही, वायू निसटतो आणि शिसं कापलं जातं. माझ्या काळ्या दारूच्या लोडला २०-१ चं मऊ मिश्रण जे बसतं ते कडक मिश्रणाने कधी बसलं नाही. माप आधी, कडकपणा नंतर.

सांताक्रूझकर
शिसं काढायला व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून नळीत भरायचं असा व्हिडिओ बघितलाय, पाच मिनिटांत साफ. खरं का?

निवृत्त_आर्मरर
नको! शिसं विरघळतं हे खरं, पण विरघळून लेड ॲसिटेट होतं, ते विष, आणि कातडीतूनसुद्धा अंगात जातं. जास्त वेळ राहिलं तर पोलादही खातं, ब्लूइंग (पोलादावरचा निळसर काळा थर) जातं. हे घरच्या बेसिनमध्ये ओतायचं?

शिसं धरलंच तर जुना उपाय. भांडी घासायची तांब्याची जाळी मिळते, तिचे चार-पाच धागे जुन्या ब्रशवर गुंडाळायचे आणि मागून पुढे दहा वेळा. पण दुकानात फ्रिजचं लोहचुंबक घेऊन जा. पुष्कळ जाळ्या आतून लोखंडी आणि वरून तांब्याचा मुलामा असतो. चुंबकाला चिकटली तर भांड्यालाच ठेवा, नळीत नको.

डॉक्टर_काणकोण
शूटर नाही, पण शिशाबद्दल दोन शब्द कारण मुलगी १७ ची आहे. रेंजवरून आल्यावर हात थंड पाणी आणि साबणाने धुवायचे, आणि तोवर काही खायचं नाही, तोंडाला हात नाही. वापरलेले पॅच घरच्या कचऱ्यात मोकळे टाकू नका, पिशवीत बांधा. रेंजचे कपडे वेगळे धुवा. बंद रेंज असेल तर हवा मागून पुढे, निशाण्याकडे जायला हवी. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर सफाई घरात करूच नका. घाबरायचं कारण नाही, सवय लावायची.

फोंडेकर_बाबा
सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. डॉक्टर, धाकटा चार वर्षांचा आहे घरात, सफाई क्लबातच करणार. आर्मररसाहेब, तव्याचं उदाहरण बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली मग हे काम मलाच द्या. आता दोन प्रश्न राहिले. एक, पहिल्या गोळीआधी नळी कोरडी करायची म्हणजे किती? दोन, पाऊस. क्लबच्या कपाटात गेल्या वर्षी एका रायफलीच्या तोंडाशी तांबडे ठिपके आले होते.

निवृत्त_आर्मरर
पहिलं. पॅचवर काही न येईपर्यंत. नळीत तेल साचलेलं असताना गोळी मारणं धोक्याचं, आणि चेंबरमध्ये तेल असेल तर बोल्टवर ताण जास्त येतो. चेंबर वेगळं पुसा, नुसता पॅच ओढून चेंबर साफ होत नाही.

दुसरं, आणि बाबा, गोव्यात ब्रेक-इनपेक्षा हेच मोठं. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, वर समुद्राचं मीठ हवेत. मी नोकरीत असताना कोरड्या प्रांतात दोन वर्षं न बघितलेली रायफल चांगली निघालेली बघितली आहे आणि इथे आठ दिवसांत खराब झालेली बघितली आहे. फोमच्या केसमध्ये रायफल कधीच ठेवून द्यायची नाही, फोम ओल धरून ठेवतो आणि नेमका बॅरलला चिकटून असतो. केस फक्त ने-आणीला. एसी गाडीतून काढली की लगेच उघडू नका, थंड पोलादावर बाहेरच्या हवेचं पाणी धरतं, जसं फ्रिजमधल्या स्टीलच्या पेल्याला सुटतं. अर्धा तास केस बंदच राहू दे. कपाटात सिलिका जेल, आणि ती तापवून परत वापरायची. मॅच नसेल त्या आठवड्यात नळीतून तेलाचा एक ओलसर पॅच, आणि मारायच्या दिवशी दोन कोरडे. नारळाचं तेल वापरू नका, काही दिवसांनी चिकट होतं.

पेडण्याची_पोर
आणि गालाखालची जागा! घाम. दर सेशननंतर बॅरल, बोल्टचा दांडा, रिअर साइट सगळं तेलाच्या फडक्याने. नळीच्या आतला गंज सगळे बघतात, बाहेरचा विसरतात.

म्हापशाचा_म्हाळू
एक अडाणी प्रश्न. सिंगल शॉटच का? मॅगझिन असलं तर काय बिघडलं?

बालेवाडी_प्रोन
अडाणी काही नाही. एकेक गोळी हाताने ठेवली की मऊ शिशाला कुठे ओरखडा पडत नाही, मॅगझिनच्या ओठांवर घासून येत नाही. रिसीव्हर खालून पोकळ नसल्यामुळे जास्त ताठ. आणि प्रोनला ५० मिनिटांत ६० शॉट, घाई कुठे आहे. दहाचं वर्तुळ ५० मीटरवर १०.४ मिलीमीटर, करंगळीच्या नखाएवढं. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं ते याच अंतरावर. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला प्रोनची वर्ल्ड चॅम्पियन झाली ती पण हीच शिशाची .२२.

बाबा, अजून एक. ३०० गोळ्या होईपर्यंत लॉट टेस्ट (कारखान्याच्या कुठल्या खेपेची गोळी चांगली जाते ते बघणं) करू नका. प्रत्येक बॅरलला एखादा लॉट आवडतो, पण न मुरलेल्या नळीत केलेली टेस्ट खोटी निघते, मी एकदा त्याच्या भरवशावर चुकीचा लॉट घेऊन वर्षभर बसलो होतो.

फोंडेकर_बाबा
दहा दिवसांनी येतोय. केलं ते लिहितो, कोणाला उपयोग होईल.

कोचशी बोललो. पेडण्याच्या पोरीचा अनुभव त्यांना फोनवर वाचून दाखवला, शांतपणे ऐकलं आणि म्हणाले १०-१०-२५-५० करूया. गोळी मारायच्या आधी नळी साफ केली. पहिला पॅच चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी आला, दुसऱ्यावर उन्हात धरला तर बारीक चमकणारी धूळ, लॅपिंगची असणार. सातवा पॅच जसा गेला तसा पांढरा आला. चेंबर वेगळं पुसलं, त्यातून अजून तेल निघालं, साहेबांनी सांगितलं नसतं तर राहिलं असतं.

पहिल्या १० गोळ्या मुलीने मारल्या. पहिल्या चार सात-आठमध्ये भिरभिरल्या, मग जवळ यायला लागल्या. पॅचवर करडा काळा रंग आणि दोन चंदेरी कण, भिंगाने बघितले. दुसऱ्या दहानंतर एकच कण. २५ नंतर नाही. ५० नंतर पण नाही, आणि तोंडाशी क्राउनवर मेणाची करड्या पाकळ्यांची गोल चांदणी उमटली, सगळ्या पाकळ्या सारख्या. ती बघून कोच पहिल्यांदा हसले, म्हणाले मेण पुरतंय आणि क्राउन चांगला आहे. त्यानंतर गज घातलाच नाही. आजपर्यंत १८० झाल्या.

कपाटात सिलिका जेल ठेवलीय. फोमची केस उघडी करून उन्हात टाकली तर खालच्या बाजूला हाताला ओल लागली, मेमध्ये!

काल शेवटच्या २० गोळ्यांत १७ दहात होत्या. स्कोअर लिहायचा नाही ठरलं होतं तरी तिने वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलने लिहिलेला मी बघितला.

बालेवाडी_प्रोन
लिहू दे. ३०० झाल्या की लॉटचे पाच-पाच डबे घेऊन या, मी जूनच्या पहिल्या रविवारी साखळीला आलोय, बेंचवरून एकत्र टेस्ट करू.

निवृत्त_आर्मरर
मी पण येतो. भिंग आणतो, क्राउन बघायचाय मला.